समुद्राचे शेवाळ आणि आपल्या रक्ताच्या नळ्या

(कारंजा (घाडगे) येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मेळावा कारंजा (घाडगे) येथला, दिवस वेचणीचे, आणि व्यासपीठावरून विषय निघतो समुद्रातल्या शेवाळाचा. तुमच्यातले काही जण आपसात म्हणत असतील, यांना आज झाले तरी काय? कापसाचे बोला, तुरीचे बोला. बोलू. दुपारी तेच बोलायचे आहे. पण सकाळचा हा पाऊण तास आम्ही मुद्दाम मागून घेतला आहे. कारण गेल्या हंगामात आमच्यातला एक माणूस या शेवाळापायी जाता जाता वाचला.

समुद्र आपल्यापासून फार दूर. मुंबई येथून सातशे किलोमीटरच्या पुढे. तरी समुद्राचे शेवाळ तुमच्या घरात केव्हाच पोचले आहे. पऱ्हाटी पात्यावर आली की कृषी केंद्रातून जी 'समुद्री शेवाळाच्या अर्काची' बाटली आणता, ती हीच. इफ्को 'सागरिका' नावाने विकते ते याच जातीचे. त्यामागचे बरेचसे शास्त्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत तयार झाले. पिकावर त्याचा किती उपयोग होतो हा वेगळा विषय आहे, आज तो काढत नाही. आज बोलायचे आहे ते दुसऱ्या बाटलीबद्दल. पिकाची नाही, माणसाची.

आमचे एक जुने कार्यकर्ते आहेत. गाव आणि नाव सांगत नाही. त्यांच्या छातीत कळ आली, नागपूरला नेले, काळजाच्या नळीत जाळी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले होते की रक्ताची गाठ होऊ न देणारी गोळी वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही. आठ महिने त्यांनी नेमाने गोळ्या घेतल्या. मग एका बाजाराच्या दिवशी कोणी एक माणूस समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊन आला. रंगीत कागद, त्यावर काळजाचे चित्र, तीन महिन्यांचा कोर्स, नळ्या आतून धुऊन साफ. भाऊंनी कोर्स घेतला आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या. घरच्यांनी विचारले तर म्हणाले, "हे निसर्गाचे आहे, मग ते रसायन कशाला?" दोन महिन्यांच्या आत पुन्हा नागपूर. जाळीतच गाठ धरली होती. माणूस वाचला. पण त्या खर्चापायी घरातला सगळा कापूस भाव पाहायच्या आत मिळेल त्या दराने घालावा लागला.

भाऊ अडाणी नाहीत. बाजार समितीत काट्यावर त्यांना कोणी फसवू शकत नाही. मग येथे कसे फसले? आम्ही त्यावर बराच विचार केला. कारण असे की त्या कागदावर जे लिहिले होते ते सगळेच खोटे नव्हते. संपूर्ण खोटे असते तर भाऊंनी ते ओळखले असते. थोड्या खऱ्यात बरेच खोटे मिसळलेले होते. म्हणून आज आपण दोन्ही वेगळे करू. सरकी वेगळी, रुई वेगळी.

नळी बुजते म्हणजे काय होते?

संत्र्याच्या बागेत ज्यांचे ठिबक आहे त्यांना नळी बुजणे म्हणजे काय ते सांगायला नको. पाण्यातला क्षार आत बसतो, तोटी बंद होते, आम्ल सोडले की मोकळी होते. कॅप्सूलवाल्याने भाऊंना हेच उदाहरण दिले होते. आणि येथेच पहिली फसगत आहे.

आपल्या रक्ताची नळी प्लॅस्टिकची नाही, जिवंत आहे. तिला आतून एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. त्या अस्तरावरही एक फार बारीक लव असते, सरकीवर जिनिंगनंतर उरते तशी. ही लव साखरेच्या लांब साखळ्यांची बनलेली असते आणि तिच्यात गंधकाचे कण गुंफलेले असतात. ही लव शाबूत असते तोवर रक्त गुळगुळीत वाहते, भिंतीला काही चिकटत नाही. वाढलेला रक्तदाब, रक्तातली साखर, तंबाखू यांनी ती झिजते. मग रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल अस्तरातून पलीकडे, भिंतीच्या आत शिरते. तेथे शरीर त्याच्याशी भांडते, सूज येते, वर्षानुवर्षे तेथे गळवासारखी गाठ वाढत जाते. एक दिवस ती फुटते, तिच्यावर रक्त गोठते, आणि वाट बंद.

म्हणजे घाण नळीच्या पोकळीत बसलेली नसते, भिंतीच्या आत असते. तेव्हा 'धुऊन काढणारे' कोणतेही औषध नाही, समुद्राचे नाही आणि जमिनीचेही नाही. जो 'नळ्या धुतो' म्हणतो त्याला नळीच माहीत नाही, किंवा माहीत असून तो बोलतो.

मग शेवाळात खरे काय आहे?

शेवाळाला मूळ नाही, खोड नाही. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. लाटांचा मार खायचा आणि ओहोटीला उन्हात तापायचे. हे सोसण्यासाठी त्याने अंगात एक बुळबुळीत डिंक तयार केला. तो वाकतो, मोडत नाही, आणि पाणी धरून ठेवतो. कोकणात रत्नागिरी, मालवणच्या खडकांवर आणि गोव्यात हिरवी, तपकिरी, लाल अशी तिन्ही शेवाळे मिळतात. 1966 मध्ये सुरू झालेल्या आणि आज गोव्यात दोनापावल येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या उंटवाले, धारगळकर या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या आणि आपल्या किनाऱ्याच्या शेवाळांची नोंद करण्यात कित्येक वर्षे घालवली.

या डिंकाची तुमच्या कापसाशी जुनी ओळख आहे. 1881 साली स्टॅनफर्ड नावाच्या रसायनतज्ज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या तपकिरी शेवाळातून अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ काढला. सुती कापडावर पक्क्या रंगाची छपाई करताना रंग पसरू नये म्हणून जी खळ वापरतात ती त्याचीच असते. तुमची रुई आणि समुद्राचा डिंक गिरणीत एकत्र येतात.

पुढे 1913 मध्ये स्वीडनच्या उप्साला येथे किलिन यांनी तपकिरी शेवाळातूनच आणखी एक पदार्थ वेगळा केला. त्याला फ्युकॉइडन म्हणतात. ही साखरेची साखळी आहे आणि तिच्यात गंधक गुंफलेले आहे. तीनच वर्षांनी, 1916 मध्ये, अमेरिकेत मॅक्लीन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला. तेच हेपारिन. आज जगभर दवाखान्यात त्याचे इंजेक्शन देतात आणि ते मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात. हेपारिनही गंधक गुंफलेली साखरेचीच साखळी. म्हणजे शेवाळातला पदार्थ, दवाखान्यातले हेपारिन आणि नळीच्या आतली लव हे तिघे एका गोतातले निघाले. शास्त्रज्ञांच्या मनात आशा उगवली ती येथून, आणि ती आशा खोटी नाही.

शेवाळाची रक्तवाहिन्यांसाठी तीन प्रकारची कामे सांगितली जातात.

पहिले काम डिंकाचे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त तयार करते. ते आतड्यात येते आणि बरेचसे पुन्हा शोषले जाते. चिकट डिंक पोटात गेला तर तो पित्ताचा काही भाग धरून शौचावाटे बाहेर नेतो. मग यकृताला नवे पित्त करायला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढावे लागते. साधा हिशेब आहे.

दुसरे काम गंधक गुंफलेल्या साखळ्यांचे. रक्त गोठणे कमी करणे, सूज कमी करणे, झिजलेली लव सांभाळणे. मोनोस्ट्रोमा नावाचे एक हिरवे शेवाळ जपानी लोक खातात. त्यातल्या अशा पदार्थाने उंदरांच्या रक्तवाहिन्यांतल्या गाठी कमी झाल्याचे अमेरिकेतल्या टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केले.

तिसरे काम तेलाचे. माशाच्या तेलात ओमेगा तीन नावाची स्निग्धाम्ले असतात. पण ती मासा स्वतः फारशी तयार करत नाही. समुद्रातली सूक्ष्म शैवाले तयार करतात, ती बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे, लहानांना मोठे. मासा म्हणजे मधला अडत्या.

प्लॉटवरचे पीक आणि धुऱ्यावरचे पीक

तर मग कॅप्सूलवाला खरेच बोलत होता की! असे कोणी म्हणेल. थांबा. तुम्ही शेतकरी आहात, ही गोष्ट तुम्हाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर समजेल.

बियाण्याची कंपनी सांगते, आमच्या वाणाने अमुक इतके क्विंटल दिले. तुम्ही काय विचारता? कुठे दिले? प्लॉटवर की शेतात? ओलिताचे की कोरडवाहूचे? किती ठिकाणी, किती वर्षे? शेजारी जुना वाण लावला होता का? हे पाच प्रश्न तुमच्या तोंडात आपोआप येतात, कारण एकेका प्रश्नाची किंमत तुम्ही पिशवीच्या भावाने मोजलेली आहे. औषधालाही हेच प्रश्न लागू आहेत. काचेच्या नळीतला प्रयोग म्हणजे कुंडीतले रोप. उंदरावरचा प्रयोग म्हणजे विद्यापीठाचा प्लॉट. माणसांवरची चाचणी म्हणजे आपले कोरडवाहू शेत, जेथे पाऊस आपल्या मर्जीने पडतो.

शेवाळातल्या साखळ्यांचे पीक बहुतांशी कुंडीत आणि प्लॉटवर आले आहे. माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान. एक मोठी अडचण अशी की या साखळ्या फार लांब असतात, आतडे त्यांना फारसे आत घेत नाही. हेपारिन तोंडाने न देता सुईने देतात ते याचसाठी. उंदराला जे दिले ते माणसाने गिळल्यावर रक्तात किती उतरते, हा प्रश्न कॅप्सूलच्या कागदावर छापलेला नसतो.

जपानमध्ये एक मोठी पाहणी झाली. 86 हजारांवर स्त्री-पुरुषांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवले आणि 2019 मध्ये निष्कर्ष छापले. जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्यांत, ते न खाणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयाच्या नळ्यांचा आजार पुरुषांत सुमारे 24 टक्के आणि बायकांत 44 टक्के कमी दिसला. मेंदूच्या झटक्यात मात्र असा फरक दिसला नाही. आकडा मोठा आहे, दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण ते लोक शेवाळ जेवणात खातात, कॅप्सूल गिळत नाहीत. आणि जो रोज शेवाळ खातो तो मासे, भाज्याही जास्त खातो. पाहणी करणारे हा हिशेब वजा करायचा प्रयत्न करतात, पण धुऱ्यापलीकडच्या शेतात पीक चांगले आले ते बियाण्याने की शेणखताने, हे नुसते पाहून पक्के सांगता येत नाही.

माशाच्या तेलाचे पाहा. त्यावर तर मोठमोठ्या चाचण्या झाल्या. 2018 साली 8,179 रुग्णांवरच्या एका चाचणीत शुद्ध केलेल्या ओमेगा तीनचा मोठा डोस देऊन झटके व मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी 25,871 धडधाकट माणसांवरच्या चाचणीत लहान डोसने ठरवलेला फायदा दिसला नाही. 2020 मध्ये 13,078 लोकांवर वेगळे मिश्रण दिले, त्यातही नाही. इतकी माणसे, इतका पैसा, आणि विद्वानांत अजून वाद आहे. मग बाजारच्या ओट्यावरच्या माणसाला एवढी खात्री कोठून आली?

चीनमध्ये शेवाळातल्या अल्जिनेटवर रासायनिक प्रक्रिया करून केलेले एक औषध 1980च्या दशकापासून रक्तवाहिन्यांच्या आजारात वापरतात. चीनबाहेर ते रूढ झालेले नाही. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने 2010 नंतरच्या वर्षांत शेवाळापासून कोलेस्टेरॉलसाठी पूरक पदार्थ तयार केला. काम चालू आहे आणि ते व्हावे. आम्ही विज्ञानाच्या वाटेत उभे राहणारे नाही. पण पेरणी झाली म्हणजे माल बाजारात आला असे होत नाही.

बुरशीपासून गोळीपर्यंत

निसर्गातला पदार्थ औषध होतो तेव्हा काय काय घडते, त्याची एक गोष्ट सांगतो. जपानच्या उत्तरेला अकिता भागात अकिरा एंडो नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. लहानपणापासून त्याला बुरशीचे वेड. मोठेपणी एका औषध कंपनीत त्याने सुमारे सहा हजार सूक्ष्म जीव तपासले. 1973 मध्ये धान्यावर, फळांवर येते तशा एका निळ्या-हिरव्या बुरशीत त्याला कोलेस्टेरॉल तयार होणे अडवणारा पदार्थ सापडला. त्यातून स्टॅटिन नावाच्या गोळ्यांचा वंश निघाला. पहिली गोळी बाजारात यायला 1987 साल उजाडले. आणि 1994 मध्ये उत्तर युरोपातल्या 4,444 हृदयरुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांच्या वर गेल्यावर मोजदाद केली. औषध नसलेल्यांत शंभरातले 12 मेले होते, औषधवाल्यांत 8.

शंभरात चार जीव वाचले. चमत्कार नाही, पण मोजलेले सत्य आहे. एंडो 2024 मध्ये वारले. ज्या गोळ्या आमच्या भाऊंनी 'रसायन' म्हणून बंद केल्या, त्यांतली एक याच बुरशीच्या कुळातली होती. निसर्गाचे औषध हवे होते ना? ते त्यांच्या खिशातच होते. फरक इतकाच की ते कुंडी, प्लॉट आणि शेत या तिन्ही ठिकाणी पारखलेले होते.

'नैसर्गिक' या शब्दाबद्दल

धोतऱ्याचे बी नैसर्गिक आहे. सापाचे विष नैसर्गिक आहे. कोणी खात नाही. शेवाळाचेही तसेच. लाल शेवाळातला कॅराजीनन आइस्क्रीम घट्ट करायला वापरतात, आणि त्याचेच इंजेक्शन देऊन प्रयोगशाळेत उंदराच्या पायाला मुद्दाम सूज आणतात. जपानी लोक खातात त्या हिजिकी नावाच्या शेवाळात सोमल जास्त आढळला म्हणून ब्रिटनच्या अन्न खात्याने 2004 मध्ये ते खाऊ नका असे लोकांना सांगितले. शेवाळ समुद्रातले आयोडीन साठवते. मीठ आपण आयोडीनचेच खातो, त्यात याची भर पडली तर गळ्यातली ग्रंथी बिघडू शकते. आणि ज्याची रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे त्याने डॉक्टरांना न विचारता असे काही घेतले तर रक्तस्रावाचा धोका आहे.

आणखी दोन गोष्टी कायद्याच्या. अशा पूरक पदार्थाच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते, 2016 पासून तसा नियम आहे. अक्षर बारीक असते, पण वाचा. आणि रक्तवाहिन्या कडक होणे, हृदयरोग, रक्तदाब हे बरे करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा कागदावर काळजाचे चित्र काढून 'बरे करतो' लिहिणारा पहिल्याच ओळीत कायदा मोडून बसलेला असतो.

आपल्या घरात काय आहे?

आता मायबहिणींनी नीट ऐकावे, कारण स्वयंपाकघर त्यांच्या हातात आहे आणि बापे येथे ऐकतात ते घरी जाईपर्यंत विसरतात.

शेवाळाची तीन कामे सांगितली. त्यांतले डिंकाचे काम करायला समुद्र लागत नाही. भेंडी आहे, इसबगोल आहे, आणि आहे जवस. पाण्यात भिजवलेले जवस बोटांत धरून पाहा, शेवाळासारखेच बुळबुळीत लागते. तेलाचे कामही जवसात आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा तीनच असते. ते माशाच्या जातीचे नाही, शरीर त्याचा थोडाच भाग त्या रूपात बदलते, हे खरे. बरोबरी आम्ही सांगणार नाही. पण त्याची एक चाचणी आहे, आणि ती रक्तवाहिन्यांच्या रुग्णांवरच झालेली आहे.

कॅनडात विनिपेगच्या डॉक्टरांनी पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले 110 रुग्ण घेतले. एका गटाला रोज 30 ग्रॅम दळलेले जवस खाण्यातून दिले, दुसऱ्याला जवस नसलेला तसाच पदार्थ. नेहमीची औषधे चालू. 2013 मध्ये निकाल छापला. सहा महिन्यांनी जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 10 आणि खालचा सुमारे 7 अंकांनी कमी होता. नळ्या मोकळ्या झाल्या असे त्यांनी म्हटले नाही, आम्हीही म्हणत नाही. चाचणी लहान होती. पण दाब उतरणे ही लहान गोष्ट नाही. नळीची लव झिजते ती दाबाने.

हे जवस कोणाचे पीक? आपले. रब्बीत विदर्भाच्या काळ्या रानात जवस निळे फुलायचे. सोयाबीन आले, कपाशी वाढली, जवस धुऱ्याला सरकले आणि मग तेथूनही गेले. घाणीही गेली. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 नंतर ग्रामोद्योग संघाच्या झवेरभाई पटेलांनी बैलघाणी सुधारली, ती देशभर 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. त्याच जिल्ह्यात आज बाजारातून जवसाचे कॅप्सूल विकत आणणारे लोक आहेत! दोन ओळी जवस घरापुरते पेरा. दळून खा, कारण अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. दळलेले फार दिवस ठेवू नका, खवट होते. चटणीत मीठ बेताने, नाही तर जवसाने उतरवलेला दाब मीठ पुन्हा चढवील. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोज मूठभर जवस सुरू करण्याआधीही डॉक्टरांना विचारा. आम्ही समुद्राला जो नियम लावला तोच शेताला लावतो.

ज्वारीचेही तसेच. आपली ज्वारी कोंड्यासकट दळली जाते, कोंडा पोटात जातो. मैद्याचा पाव आणि बिस्किटे यांत तो नसतो. रेशनच्या गहू-तांदळाने भाकर ताटातून निघाली ती आपल्या डोळ्यांदेखत. सगळेच पुन्हा ज्वारी पेरा असे म्हणणे सोपे आहे. पाखरे, मजुरी आणि भाव यांचा हिशेब आम्हालाही कळतो. पण घरच्या कोठीपुरती ज्वारी ठेवणे हा भावाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

तेलाची एक गोष्ट कापूसवाल्यांनी लक्षात ठेवावी. 1911 मध्ये अमेरिकेत सरकीचे तेल घट्ट करून कृत्रिम तूप बाजारात आणले. स्वस्त, टिकाऊ, वनस्पतीचे म्हणून शुद्ध. जगाने ते डोक्यावर घेतले. पुढे कळले की असे तेल अर्धवट घट्ट करताना जी स्निग्धाम्ले तयार होतात तीच नळ्यांना सर्वांत घातक. आपल्या देशात त्यांवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी 2022 मध्ये. मधे शंभरावर वर्षे गेली. नव्या पदार्थाला डोक्यावर घेण्याआधी थांबायचे असते ते यासाठी.

आणि शेवटी खर्रा. तुम्ही हसता, पण सभेतल्या निम्म्या खिशांत पन्नी आहे हे आम्हाला येथून दिसते. एका हाताने नळीची लव सोलायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यासाठी समुद्रातून औषध मागवायचे, हा कोणता व्यवहार? जगातले कोणतेही शेवाळ तंबाखूला भरून काढणार नाही.

आमचे मागणे

देशात 1990 मध्ये शंभर मृत्यूंमागे सुमारे 15 हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होत. 2016 मध्ये ते 28 झाले. हा आजार आता पेठेतल्या शेठजींचा राहिलेला नाही, तो धुऱ्यावर आला आहे. म्हणून घरी जाताना एवढे ठरवून जा. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बायांनीसुद्धा, वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी. आरोग्य केंद्रात ते होते. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी डॉक्टरांशिवाय बंद करायची नाही. महाग पडत असेल तर जेनेरिक मागा. आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने स्वस्त जेनेरिक औषधांचा रस्ता दाखवलेला आहे. जाळीची किंमतही 2017 पासून सरकारने बांधलेली आहे, बिलावर ती वेगळी लिहून मागा. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका, 108 ला फोन करा. आणि कोणी नवी डबी घेऊन आला तर बियाण्याचे पाच प्रश्न त्याला विचारा. माणसांवर पाहिले का? किती जणांवर? किती दिवस? न घेणाऱ्यांशी ताडून पाहिले का? कोठे छापले? उत्तर आले तर आम्हालाही कळवा, आम्ही याच पानांत छापू.

एक शेवटची गोष्ट. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून, बुड्या मारून शेवाळ काढतात. 2000 नंतर तेथे बांबूच्या तराफ्यांवर त्याची शेतीही सुरू झाली. केंद्र सरकारने 2020 च्या मत्स्य योजनेत शेवाळासाठी 640 कोटी रुपये धरले. आपल्या कोकणच्या किनाऱ्यालाही ही शेती उद्या येईल. उद्या खरेच या शेवाळातून नळ्यांचे औषध निघाले तर आम्हाला आनंदच होईल. पण वाळलेले शेवाळ किलोवर जाते आणि कॅप्सूल ग्रॅमवर विकले जाते. रुई आणि शर्ट यांच्या मधले अंतर ज्यांनी जन्मभर पाहिले, त्यांना यापुढचे सांगायला नको. त्या बायका आपल्याच नात्याच्या आहेत.

ज्या भाऊंची गोष्ट सांगितली ते आज सभेत बसले आहेत. कोठे ते सांगणार नाही. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. यंदा त्यांनी तुरीच्या बाजूला चार तास जवस टाकले आहे, आणि येताना आम्हाला म्हणाले, "नाव घेऊ नका, पण सांगा मात्र नक्की." म्हणून सांगितले.